‘डेथ मॅग्नेटिक’, मायनस १४ आणि माझा वाया गेलेला पायलट

रविवारी रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला. तो सांगलीला असतो. घरातल्याच एका खोलीत त्याने रेकॉर्डिंगचं सामान मांडलंय आणि दोन मित्रांना घेऊन गाणी करतो. “ताई, तू आवाजावरच पीएचडी करतेयस ना? मग एक सांग. गाणं उद्या अपलोड करायचंय. मास्टर मायनस चौदालाच ठेवायचा ना?”

मी म्हणाले, “हो, चौदाच ठेव,” आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांनी माझीच मला लाज वाटली. कारण हे उत्तर मी कुठेतरी वाचलेलं होतं, तपासलेलं नव्हतं. ‘मायनस चौदा कशाचे, कोणी ठरवले, कशासाठी ठरवले’ यातलं काहीही न विचारता मी एक आकडा पुढे ढकलला होता. प्रबंधात कोणी असं केलं तर मीच त्या वाक्याखाली लाल रेघ मारली असती.

म्हणून आज थोडी टीका. एका आकड्यावर, एका गाजलेल्या अल्बमवर, त्या अल्बमवर झालेल्या टीकेवर आणि शेवटी स्वतःवर. तुम्ही पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर विषय संगीताचा आहे म्हणून सोडून देऊ नका. मोजमाप कुठे फसतं हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आधी थोडी पूर्वतयारी. मास्टरिंग म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावरचा शेवटचा हात. गाणं कुठेही वाजलं तरी नीट वाजावं आणि अल्बममधली गाणी एकमेकांशेजारी शोभावीत, हा त्याचा हेतू. डिजिटल फाइलमध्ये आवाजाला एक छत असतं, त्याला शून्य डीबीएफएस म्हणतात. त्याच्या वर काहीच लिहिता येत नाही. म्हणजे सगळ्यात जोराची ढोलकीची थाप त्या छताला टेकली की बाकी गाणं तिच्या खाली जिथे असेल तिथे. आता बाकी गाणं वर आणायचं तर काय कराल? थाप दाबायची आणि मग सगळंच वर उचलायचं. हे काम लिमिटर करतो. १९९४ साली वेव्ह्ज कंपनीचा एल-१ आला, आणि पुढे काय येतंय ते आधीच बघून ठेवणारा लिमिटर संगणकावर चालू लागला. त्यानंतर उचलाउचलीला ऊत आला. आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा हळू वाजू नये म्हणून प्रत्येकाने थोडं थोडं वर नेलं. ‘लाउडनेस वॉर’ म्हणतात ते हेच.

यातला गमतीचा भाग असा की जोराचं ऐकलं की आपल्याला ते चांगलं वाटतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की कानाची संवेदनशीलता सगळ्या वारंवारतांना सारखी नसते, आणि आवाज हळू असताना खालचे सूर तुलनेने जास्तच हरवतात. आवाज वाढवला की बास भरतो, वरचे सूर उघडे होतात. एखाद-दोन डेसिबलचा फरक असेल तर माणूस ‘हे जोरात आहे’ असं म्हणतच नाही, ‘हे जास्त छान आहे’ म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझ्यावर उलटणार आहे.

आता तो चौदा. याचं मूळ संगीतात नाही, प्रसारणात आहे. मालिका चालू असताना मधेच जाहिरात केकाटते, ही जगभरची तक्रार. ती सोडवायला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने, म्हणजे आयटीयूने, २००६ मध्ये बीएस-१७७० नावाची मापनपद्धत दिली. कृती तशी सोपी आहे. सिग्नल दोन फिल्टरांतून काढायचा. एक वरच्या वारंवारता साधारण चार डेसिबलने उचलतो, दुसरा अगदी खालच्या कापतो. मग वर्ग करायचा, सरासरी काढायची, चॅनेलांची बेरीज करायची आणि लॉग घ्यायचा. हे सगळं ४०० मिलिसेकंदांच्या, एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांत. पुढे २०११ च्या आवृत्तीत गेट आलं, म्हणजे शांतता आणि फार हळू भाग सरासरीत धरायचेच नाहीत. उत्तर येतं ते एलयूएफएसमध्ये. युरोपच्या प्रसारण संघाने २०१० मध्ये आर-१२८ ही शिफारस काढून मायनस २३ ही पातळी ठरवली.

नंतर गाणी वाजवणाऱ्या सेवांनी हीच मोजपट्टी उचलली. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला मायनस १४ वर आणतं. त्याच अॅपमध्ये ‘लाउड’ निवडलं तर मायनस ११, ‘क्वाएट’ निवडलं तर मायनस १९, आणि ऐकणारा हे सगळं बंदही करू शकतो. २०१७ पूर्वी त्यांची नेहमीची पातळी याहून वर होती. अॅपलची मायनस १६ च्या आसपास. यूट्यूब जोराचं गाणं खाली आणतं, हळू गाणं मात्र वर नेत नाही.

म्हणजे चौदा हा गाण्याचा गुण नाही. तो वाजवणाऱ्या यंत्राच्या आवाजाच्या बटणाचा आकडा आहे. तुमची फाइल मायनस ८ वर असेल तर ते तिला सहा डेसिबल खाली करणार, एवढंच. फाइल बिघडत नाही, नाकारली जात नाही, तिला शिक्षा होत नाही. उद्या कंपनीने बटण मायनस १६ केलं तर मायनस १४ ला केलेले सगळे मास्टर काय चुकीचे ठरणार? ‘मास्टर मायनस १४ लाच हवा’ हे म्हणणं म्हणजे वर्गातला पंखा तीनवर फिरतो म्हणून सगळ्यांनी तीन नंबरचे कपडे घालून या, असं म्हणण्यासारखं आहे.

तरीही हा सल्ला इतका पसरला, कारण तो आकडा आहे. आकडा तपासता येतो, कान तपासता येत नाही. संशोधनात नव्याने आलेला माणूस याच सापळ्यात पहिल्यांदा अडकतो. मी तर अडकलेच.

आता अल्बमकडे येते. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ सप्टेंबर २००८ मध्ये आला. निर्माता रिक रुबिन, मास्टरिंग टेड जेन्सन. अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच सुमारास तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही आली आणि चाहत्यांच्या लक्षात आलं की गेममधली गाणी सीडीपेक्षा मोकळी, स्वच्छ वाजतायत. लोकांनी दोन्हींच्या वेव्हफॉर्मची चित्रं शेजारी शेजारी लावली. गेमचं चित्र केसाळ सुरवंटासारखं, सीडीचं विटेसारखं. हजारो लोकांनी नव्याने मिक्स करा म्हणून अर्जावर सह्या केल्या. तेव्हापासून लाउडनेसवरचं कुठलंही व्याख्यान या विटेशिवाय पूर्ण होत नाही. मी स्वतः दोनदा दाखवलीय.

या लेखासाठी तो अल्बम मी पुन्हा पूर्ण ऐकला. या वेळी आवाज बरोबरीत आणून, चांगल्या हेडफोनवर, आणि वेव्हफॉर्मचं चित्र न उघडता. माझं मत सांगते: टीका बरोबर आहे, पण तिचं कारण चुकीचं दिलं जातं.

‘द डे दॅट नेव्हर कम्स’ घ्या. सुरुवात संथ, स्वच्छ गिटारने होते. जागा आहे, हवा आहे. पुढे गाणं चढत जातं आणि शेवटाकडे वेगवान भाग येतो. रचना म्हणून ही चढण सुरेख आहे, या बँडला ती पूर्वीपासून जमते. पण जिथे ड्रमने छातीवर धक्का द्यायचा तिथे ड्रम गिटारच्या भिंतीत शिरतो. किक वाजली की ठोक्याऐवजी एक कोरडी कडकड येते, कागद चुरगाळल्यासारखी. आणि प्रत्येक ठोक्याला गिटारही किंचित फाटते. गाणं मोठं व्हायच्या क्षणी लहान होतं.

यावर एक हरकत नेहमी येते: मेटल संगीतात फाटलेला आवाजच तर हवा असतो, मग क्लिपिंगबद्दल रडता कशाला? हरकत चांगली आहे आणि तिचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. एका गिटारचा सिग्नल ॲम्प्लिफायरमध्ये क्लिप केला की त्या सुराच्या पटीतल्या वारंवारता तयार होतात. १०० हर्ट्झचा सूर असेल तर २००, ३००, ४००. त्या सुराशी नातं सांगतात, म्हणून कानाला ‘दाट’ वाटतात. पण दोन गिटार, बास, ड्रम, गायक या सगळ्यांची बेरीज करून ती बेरीज क्लिप केली, तर बेरजेतल्या प्रत्येक वारंवारतेची दुसऱ्या प्रत्येकीशी बेरीज-वजाबाकी होऊन नव्या वारंवारता उगवतात. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. किकचा ६० हर्ट्झ आणि गिटारचा ३३० हर्ट्झ यांतून २७० आणि ३९० येतात, पुढच्या पदांत २१०, ४५०, आणि त्यांचं कुठल्याही सुराशी काही देणंघेणं नसतं. शिवाय हे फक्त किक वाजेल तेव्हाच. म्हणजे एकाच्या तालावर दुसऱ्याचा आवाज बिघडतो. म्हणून एक फाटलेली गिटार संगीत वाटते आणि फाटलेलं मिक्स बिघाड वाटतो. बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला नॉन-लिनियर सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये दोन ऑसिलेटर जोडून जे बघितलं होतं तेच इथे आहे, फक्त या वेळी त्यात जेम्स हेटफील्ड गातोय.

तर दोष ‘जोरात असणं’ हा नाही, विकृती हा आहे. हा फरक बारीक वाटेल, पण त्याने सगळा वाद बदलतो. आज हा अल्बम स्ट्रीमिंगवर लावा. सेवा त्याला बरंच खाली आणणार. ज्या जोरासाठी हे सगळं केलं तो जोर गेला. कडकड मात्र राहिली, कारण ती फाइलमध्ये कोरली गेलीय, आवाज कमी करून ती जात नाही. साधं गणित करून बघा. एक मास्टर मायनस ७ वर, शिखरं छताला टेकलेली. तो मायनस १४ वर आणला की शिखरं मायनस ७ वर येतात आणि वरची सात डेसिबल जागा रिकामी राहते. दुसरा मास्टर मुळातच मायनस १४ वर, शिखरं मायनस १ वर. दोन्ही सारखेच जोरात वाजतील, पण दुसऱ्याच्या थापेला सहा डेसिबल जास्त उंची आहे.

आता टीकाकारांची टीका. ‘गिटार हीरो’शी केलेली तुलना पुरावा म्हणून किती चालते? गेमला गिटार, बास, ड्रम वेगवेगळे लागतात, कारण खेळणारा चुकला की फक्त त्याचंच वाद्य बंद पडायला हवं. म्हणजे गेमकडे गेलेलं साहित्य वेगळं आणि त्याची बेरीजही वेगळी झाली. दोन प्रतींत एकच चल बदललेलं नाही, निदान दोन बदललेत: मिक्स आणि मास्टर. चाहत्यांनी ठपका मास्टरिंगवर ठेवला. पुढे टेड जेन्सनने एका चाहत्याला दिलेलं उत्तर बाहेर आलं, त्याचा आशय असा की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच ते दाबलेले होते. म्हणजे ज्याच्या नावाने जगभर बोटं मोडली जात होती त्याच्या हातात फारसं काही उरलंच नव्हतं. ‘परिणाम दिसला, शेवटी हात लावणारा सापडला, तोच दोषी’ ही घाई प्रयोगशाळेतही रोज होते. सॅम्पल बिघडलं की ज्याने शेवटी यंत्र वापरलं त्याला धरतात.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ‘डेथ मॅग्नेटिक’ला डीआर-३ असा शिक्का मिळाला. डीआर मीटर काय करतो? तीन सेकंदांचे तुकडे घेऊन सगळ्यात जोराच्या वीस टक्के भागाची सरासरी पातळी काढतो आणि ती शिखराशी ताडतो. आकडा लहान म्हणजे शिखर आणि सरासरी जवळजवळ, म्हणजे वीट. अल्बम पकडायला हे माप उपयोगी आहे, नाही असं नाही. पण तोच मास्टर रेकॉर्डवर कापून, सुईने वाजवून पुन्हा डिजिटल केला तर डीआर काही अंकांनी वाढतो. संगीत तेच, दाबणूक तीच. बदलतं काय, तर वाटेत वेगवेगळ्या वारंवारतांचे फेज सरकतात, सपाट केलेली शिखरं पुन्हा टोकदार होतात आणि मीटर खूश होतो. यावरून ‘व्हायनलचा मास्टर जास्त डायनॅमिक’ असे निष्कर्ष किती लोकांनी काढलेत, विचारू नका.

आणि ‘डायनॅमिक’ म्हणजे तरी काय? इमॅन्युएल देरुती या फ्रेंच संशोधकाने २०११ मध्ये ‘साउंड ऑन साउंड’ मासिकात हजारो गाण्यांवरचं विश्लेषण मांडलं. पातळी वाढत गेली, शिखर-सरासरीतलं अंतर कमी झालं, हे त्यालाही दिसलं. पण गाण्याच्या हळू भागात आणि जोराच्या भागात किती फरक असतो हे मोजलं, तर तो फरक तसा आटलेला दिसला नाही. यासाठी लाउडनेस रेंज हे माप आहे, तीन-तीन सेकंदांच्या पातळ्यांतला दहावा आणि पंचाण्णवावा शतमक यांच्यातलं अंतर. म्हणजे ठोक्यांची उंची कमी झाली, परिच्छेदांची चढ-उतार राहिली. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरत होतो आणि म्हणून भांडत होतो. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ मध्ये नेमकं हेच ऐकू येतं: संथ सुरुवात आणि वेगवान शेवट यांतला फरक आहेच, ठोका तेवढा गेलाय. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘गुणवत्ता’, ‘ताण’, ‘जागरूकता’ असला एखादा शब्द असेल तर तो मोजणार कशाने आणि त्या मापात काय सुटतं, हे एकदा लिहून काढा. माझ्या गाईड मॅडम हे पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. मी मान डोलवत होते.

याच्या उलट एक उदाहरण लोक नेहमी देतात म्हणून तेही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गन्स अँड रोझेसचा ‘चायनीज डेमॉक्रसी’ आला. बॉब लडविगने त्यांना वेगवेगळ्या दाबाचे मास्टर ऐकवले आणि बँडने त्यातला सगळ्यात मोकळा निवडला. तो अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर आला, मेटालिका पहिल्या. म्हणून जोरात असलेलं विकलं जातं? दोन अल्बम, दोन वेगळे बँड, एकाची चौदा-पंधरा वर्षं उशीर झाल्याने थट्टा झालेली. यातून लाउडनेसबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कुठल्याच बाजूने नाही.

मग ऐकणाऱ्यांना विचारलं तर? इथे दोन अभ्यास आहेत, आणि ते शेजारी ठेवून वाचायला मजा येते. क्रोगन, एअरहार्ट आणि केट्स यांनी २०१२ मध्ये रॉक आणि शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताचे तुकडे कमी-जास्त दाबून लोकांना जोडीजोडीने ऐकवले. एकदा लाउडनेसमधला फरक तसाच ठेवून, एकदा तो शक्य तितका काढून टाकून. फरक तसाच असताना थोडं कॉम्प्रेशन लोकांना आवडलं. पण फार दाबलेलं दोन्ही परिस्थितींत नापसंत ठरलं. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या योर्टकेअर आणि वाल्थर-हान्सेन यांनी मात्र जुन्या गाण्यांच्या मूळ आणि जास्त दाबलेल्या रिमास्टर प्रती ऐकवल्या, आणि पसंतीत फरक असल्याचा पुरावाच त्यांना मिळाला नाही.

कोण खरं? माझ्या मते प्रश्नच चुकीचा. पहिल्या अभ्यासात दाबण्याची मात्रा प्रयोग करणाऱ्यांच्या हातात होती, ती टोकापर्यंत नेता आली. दुसऱ्यात ती बाजारातल्या खऱ्या मास्टरिंग इंजिनिअरांनी आधीच ठरवलेली, म्हणजे कोणीतरी कान लावून केलेली. एकात नियंत्रण जास्त, दुसऱ्यात वास्तव जास्त. शिवाय ‘फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही’ आणि ‘फरक नाही हे सिद्ध झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्या अभ्यासाचे लेखक पहिलं वाक्य लिहितात, त्यांचा हवाला देणारे अनेक जण दुसरं. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना ॲब्स्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य उचलून चालत नाही ते यासाठी.

आता माझी पाळी.

दुसऱ्या वर्षी मी एक पायलट केला होता. आठ तुकडे, प्रत्येकाच्या दोन प्रती, एक मोकळी, एक चांगलीच दाबलेली. होस्टेल आणि विभागातले मिळून सोळा जण ऐकायला बसवले. तीन आठवडे त्यात गेले. चहा-वडापावचा खर्च माझा. निकाल झकास आला: बहुतेकांना दाबलेली प्रत आवडली. मी खूश. सगळे म्हणतात कॉम्प्रेशन वाईट, आणि माझा डेटा उलट बोलतोय, म्हणजे पेपर नक्की! स्लाइड केल्या, रंगीत बार लावले, प्रगती अहवालाच्या सादरीकरणाला उभी राहिले.

बाहेरून आलेल्या सरांनी पाचव्या स्लाइडला हात वर केला. “दोन्ही प्रतींची पातळी सारखी केली होती ना?”

“हो सर. दोन्ही मायनस एक डीबीला नॉर्मलाइझ केल्या.”

“शिखर की लाउडनेस?”

शिखर. मी दोन्ही प्रतींची शिखरं बरोबरीत आणली होती आणि त्यालाच ‘पातळी सारखी केली’ म्हणत होते. दाबलेल्या प्रतीचं शिखर आधीच खाली आलेलं. ते छताला नेलं की तिची सरासरी भरमसाट वर जाणारच. संध्याकाळी मोजलं तर काही तुकड्यांत साडेपाच डेसिबलचा फरक निघाला. सोळा माणसांनी तीन आठवडे मला एवढंच सांगितलं होतं की जोरात वाजलेलं त्यांना आवडतं. हे तर आधीच माहीत असलेलं. क्रोगन मंडळींनीही शिखरं बरोबरीत आणली होती, पण त्यांनी ते जाणूनबुजून केलं आणि शेजारी दुसरी परिस्थिती ठेवली. मी नकळत त्यांच्या प्रयोगाचा अर्धा भाग केला होता.

मॅडम त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “बरं झालं पायलटमध्येच झालं.” मला आजही ते वाक्य दिलासा होता की टोमणा, कळलेलं नाही.

लाउडनेस जुळवून पुन्हा केलं तेव्हा दाबलेल्या प्रतीची आघाडी गेली. काही तुकड्यांत मोकळी पुढे आली, दोनांत लोकांना फरकच सांगता येईना. सोळा माणसांवरून याहून जास्त बोलायची माझी तयारी नाही. आणि जुळवलं कशाने? त्याच बीएस-१७७० ने, जो खालच्या वारंवारता कमी धरतो. बास भारी असलेल्या एका तुकड्यात मीटर बरोबरी दाखवत होता आणि कान नाही म्हणत होते. तिथे शेवटी कानाने जुळवलं आणि तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं. परीक्षक यावर विचारणार, हे माहीत आहे. तयारी चालू आहे.

तर रविवारी रात्री अकराला मी सांगलीला परत फोन लावला.

“झोपलास का रे?”

“नाही गं ताई, एक्सपोर्ट चाललंय. मायनस चौदा.”

“थांब. आधी किती होतं?”

“दहा-साडेदहा. मस्त वाजत होतं. चौदा करायला आवाज कमी केला नुसता.”

म्हणजे त्याने लिमिटर सैल केलाच नव्हता. दाबलेली फाइल तशीच ठेवून फक्त फेडर खाली ओढला होता. थाप परत आली नाही, जोरही गेला आणि नॉर्मलायझेशन बंद करून ऐकणाऱ्याला गाणं उगाच हळू वाजणार. मायनस १४ चा सल्ला शब्दशः पाळला की हेच होतं.

त्याला म्हटलं, तीन प्रती कर. एक लिमिटर जवळजवळ न लावता, एक मध्यम, एक तुला जमेल तेवढी दाबून. तिन्ही लाउडनेस मीटरवर बरोबरीत आण आणि मग ऐक. हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर, काकांच्या गाडीत. नावं न बघता, आईला फाइल बदलायला लाव. ढोलकीची थाप कुठल्या प्रतीत मरते ते शोध आणि त्याच्या एक पाऊल अलीकडे थांब. मग जो आकडा येईल तो येऊ दे. ट्रू पीक तेवढा मायनस एकच्या खाली ठेव, म्हणजे अपलोड झाल्यावर फाइल लहान करताना शिखरं छताबाहेर जाणार नाहीत. आणि हे सगळं करण्याआधी मिक्समध्येच किक आणि ढोलकी एकमेकांच्या अंगावर येत नाहीत ना ते बघ, नाहीतर लिमिटरला शिव्या देत बसशील.

“एवढं सगळं? उद्या अपलोड करायचंय.”

“परवा कर.”

तो कुरकुरला. बुधवारी फाइल पाठवली. तिन्हींतली मधली प्रत त्याने निवडली होती, मावशीने मात्र सगळ्यात मोकळी. मीटरवर मायनस १०.९ दिसतंय. दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकी एकटी येते तिथे तिची शाई वाजलेली कळते, आणि गायकाचा ‘स’ जरा टोचतो. तो त्याला कळवलाय.